तलावडीत रोवलेली नकाशाची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. जुनी आणि भयंकर वैतागलेली! बडोद्यात मांजलपूरच्या पलीकडे एक मराठी शाळा आहे. तिथल्या आशियाच्या मोठ्या नकाशाला खालच्या कडेला मी लावलेली होते. वरची काठी खिळ्याला लटकायची आणि मी खालून वजन देऊन नकाशा ताठ ठेवायचे. सर म्हणायचे, "नकाशा आणा रे." "काठी आणा" असं कुणी कध्धी म्हणालं नाही. जाऊ दे.

माझा जन्म बोर्निओ बेटावरच्या एका रामिनच्या झाडात झाला. आमचं अख्खं रान पाण्यात उभं होतं. पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी. त्यात पडलेली पानं आणि फांद्या धड कुजायच्याही नाहीत. हजारो वर्षं थरावर थर साचत गेले आणि त्यांची काळी, भुसभुशीत माती झाली. तिला पीट म्हणतात. ती म्हणजे एक प्रचंड मोठा स्पंजच! पावसात पाणी पिऊन बसायची आणि उन्हाळ्यात थोडंथोडं सोडायची. आमच्या फांद्यांवर ओरांगउटान झोपायचे आणि मुळांच्या डबक्यांत नखाएवढे मासे पोहायचे.

मग करवती आल्या. ओंडके वाहून न्यायला माणसांनी रानात चर खणले. माझं झाड त्याच चरातून तरंगत बाहेर पडलं. ओंडके गेले, पण चर कुणी बुजवले नाहीत. त्यातून रानाचं पाणी वाहतच राहिलं. स्पंजाला भोक पाडल्यावर आणखी काय होणार?

बोटीने मी हिंदुस्तानात आले. तेव्हा देशात परदेशी माल धडाधड येऊ लागला होता, त्यात माझ्यासारखं लाकूडही होतं. मला रंधा मारून, पॉलिश करून गोल काठी केली. शाळेत आले तेव्हा मुख्याध्यापिका मंदाकिनीबाई मला हात लावून म्हणाल्या होत्या, "किती गुळगुळीत आहे, नाही?" एवढंच काय ते माझं कौतुक.

वर्षं गेली. सत्त्याण्णव सालच्या दिवाळीच्या आधी भूगोलाचे वामन सर माझ्या नकाशावर, अगदी माझ्या गावावर, बोट ठेवून म्हणाले, "इथे घनदाट सदाहरित अरण्ये आहेत."

आठवीतली मोहना उभी राहिली. "सर, ती जळतायत. माझे उन्मेषकाका सिंगापूरला असतात, त्यांचा फोन आला होता. तिकडे इतका धूर आहे की समोरची बिल्डिंग दिसत नाही. ते म्हणाले, जमीनच जळतेय. ओली जमीन."

मागच्या बाकावरून अभिजित ओरडला, "चिखल जळतो? काकांना सांग, चष्मा बदला!"

वर्ग खो खो हसला. सरही हसले. "मोहना, पाण्यातलं रान जळत नसतं. परीक्षेत घनदाट असंच लिही, मार्क जातील नाहीतर."

मित्रांनो, मी तिथेच लटकत होते! मला ओरडून सांगायचं होतं, अहो, पाणी काढून घेतलं की ती माती गोवरीसारखी पेटते, जमिनीच्या आतल्या आत धुमसत राहते! पण काठीला तोंड कुठे असतं? मोहना मात्र खाली बसली नाही. "मी 'आहेत'च्या जागी 'होती' असं लिहीन, सर," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी चकचकीत प्लास्टिकचा नकाशा आला आणि मी अडगळीत गेले. त्याच पावसाळ्यात शाळेने 'हिरवी शाळा' स्पर्धेत नाव घातलं. वनमहोत्सवाला झाडं लावायची होती. जागा कुठली? मैदानामागची तलावडी.

तलावडी म्हणजे छोटं तळं, आमच्याकडे सगळे गुजरातीतलाच शब्द वापरतात. सुरतच्या प्लेगनंतर मंदाकिनीबाईंना घाण किंवा साचलेलं पाणी दिसलं की धडकी भरायची. बाई वाईट नव्हत्या हो! त्यांना पोरांची काळजी होती. पण त्यांनी ठरवलं काय, तर चर खणून तलावडीचं पाणी रस्त्याकडच्या गटारात सोडायचं आणि तिथे नीलगिरी लावायची. झाडं लावायला तळं मारायचं! शाळेची विहीर त्या तळ्याला लागूनच होती. सगळी शाळा तिचं पाणी प्यायची.

मोहना बाईंच्या खोलीत गेली. अडगळीची खोली शेजारीच, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाई, ती रिकामी जागा नाहीये."

"मग काय आहे? शेवाळं आणि डास."

"डासांच्या अळ्या खाणारे मासे आहेत त्यात. आणि आपल्या विहिरीला तिथूनच पाणी झिरपतं. तलावडी आटली तर विहीरही आटेल."

"तू कधीपासून शास्त्रज्ञ झालीस गं?"

"आजपासून, बाई."

बाई हसल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाल्या, "जा वर्गात. झाडं लावायला विरोध करणारी मुलगी मी पहिल्यांदाच बघतेय."

बाहेर अभिजित उभा होता. "अगं, तलावडीत विश्वामित्री नदीतली मगर आलीय असं सांगायचं ने! चर खणायला कुणी फिरकलंच नसतं."

"खोटं कशाला सांगू? खरं आहे तेच पुरे आहे."

पुरे नाही पडलं. चर खणला गेला. रोपांना आधार हवा म्हणून अडगळीतल्या काठ्या काढल्या, त्यात मीही होते. एका नीलगिरीला सुतळीने बांधून मला त्या आटलेल्या तळ्यात रोवलं. शाळेला बक्षीस मिळालं. फोटो काढताना सगळे "हिरवी शाळा झिंदाबाद" म्हणाले आणि मेलेल्या माशांचा वास येऊ नये म्हणून नाकाला रुमालही लावले.

मार्चमध्ये विहिरीचा तळ दिसला. टँकर यायचा, तोही आला तर आला. पहिलीतल्या पोरांना अर्धा-अर्धा पेला पाणी मिळायचं. बाई म्हणाल्या, "यंदा उन्हाळाच कडक आहे."

जूनमध्ये शाळा उघडली. मोहना आता दहावीत होती. तिने सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणल्या, मुलींनी त्यात माती भरली आणि मधल्या सुट्टीत चर बुजवायला घेतला. अभिजित येऊन म्हणाला, "चल, बाजूला हो. पोतं असं उचलतात होय?" आणि स्वतःच चिखलात पडला. सगळ्या जणी हसल्या. पण तो उठला आणि पोतं जागेवर ठेवूनच थांबला.

रात्री पाऊस झाला. सकाळी माझ्या बुंध्याशी पाणी उभं होतं! तपकिरी नव्हतं, पण पाणी होतं.

बाई आल्या. "कुणी केलं हे?"

"मी," मोहना म्हणाली. तिच्यामागून आणखी चारपाच 'मी' आले.

"नीलगिरी सडतील ना!"

"हो, बाई. सडतील."

बाईंनी विहिरीत डोकावून पाहिलं. "आलं का पाणी?"

मला वाटलं, आता तरी थाप मार, मुली! पण ती म्हणाली, "नाही, बाई. एका पावसाने नाही यायचं. वेळ लागेल."

बाईंनी एका गोणीवर पाय दाबून पाहिला. मग म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत. तोवर पाणी नाही आलं तर गोण्या काढायच्या."

मोहनाने मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, रागाचं की आनंदाचं ते मला नाही कळलं. मी तर चिडलेच! तळं मारताना कुणी मुदत घातली नव्हती, जगवताना मात्र घातली.

मित्रांनो, माझं लाकूड ओल्यात टिकत नाही. मी खालून काळी पडायला लागले आहे. दया येऊन मला उपटू नका, मला इथे कुजायला आवडेल. तुम्ही एवढंच करा. कुठेही झाड लावायला खड्डा खणाल, तेव्हा आधी वाकून बघा की तिथे कोण राहतंय. आणि दिवाळी जवळ आली की दोनदोन जण त्या गोण्यांवर जाऊन बसा.