रुहीचा उजवा कान

सावनीला गरोदरपणाचा दहावा आठवडा चालू होता आणि ताप हटत नव्हता. फ्रीमाँटच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून विचारलं, "घरात लहान मूल आहे?"

"दोन वर्षांचा मुलगा आहे. डेकेअरला जातो."

"त्याचं उष्टं खाता?"

सावनीला हसूच आलं. दोन वर्षं ती दुसरं खात काय होती? चोखलेली पोळी, चाटून परत केलेलं केळं.

"सीएमव्ही नावाचा व्हायरस आहे," बाई म्हणाल्या. "पोरांच्या लाळेतून, लघवीतून येतो. गरोदरपणाच्या सुरुवातीला पहिल्यांदाच झाला तर बाळापर्यंत पोचू शकतो. बहुतेक बाळं ठणठणीत असतात. काहींच्या कानांवर, मेंदूवर परिणाम होतो."

घरी पुण्याहून आलेल्या सासूबाई होत्या, रेखाताई. ताटात घास राहिला की ओरडणाऱ्या त्याच.

"मीही देवांगचं उष्टं खाल्लं," त्या उसळल्या. "त्याला काय झालं?"

देवांग, म्हणजे सावनीचा नवरा, डोक्यावरचा चष्मा टेबलाखाली शोधत होता.

"आई, ते आत्ता नको विचारायला," सावनी म्हणाली.

रेखाताई बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून रडत बसल्या. सावनीला त्यांना चांगलं फैलावर घ्यायचं होतं. पण नळाच्या आवाजाने भलतंच झालं. तिने दार वाजवलं. "आई, तुमचा काही दोष नाही, पण लवकर बाहेर या. मला लागलीय!"

एकविसाव्या आठवड्यात पोटात सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायला काढलं. व्हायरस बाळापर्यंत पोचला होता. सोनोग्राफी मात्र स्वच्छ. बाईंनी सगळे पर्याय नीट समजावले. सावनीने पुढे जायचं ठरवलं. त्यात धैर्य वगैरे काही नव्हतं. नेमकी तेव्हाच आतून लाथ बसली. देवांगने मग इंटरनेटवर इतकं वाचलं की तिने त्याचा फोन काढून घेतला.

मुलगी झाली. लालबुंद, केसाळ, थेट सासऱ्यांसारखी. बाकी सगळं बरं होतं, पण डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. उजव्याची तपासणी काही वर्षं करत राहावी लागणार होती. सावनी पार्किंगमध्ये गाडीत बसून पोटभर रडली, नाक पुसायला काही सापडेना म्हणून देवांगची बाही वापरली, आणि घरी आली.

बारशाला टेक्सासहून विनीता आत्या आली. पाळण्यात वाकून तिने बाळाच्या कानात नाव सांगितलं, "कुर्रर्र, रुही!" आणि बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत दणादण धपाटे घातले.

"अगं, डावा होता तो!" रेखाताई किंचाळल्या. "उजव्यात सांग!"

"मग हे धपाटे?" विनीता पाठ चोळत म्हणाली.

"ते परत बसतील," सावनी म्हणाली, आणि पदर खोचून सगळ्यांच्या पुढे उभी राहिली.