शशिकांतनं बायकोसाठी आणलेली बंदूक

बस रे जरा, चहा घे. आपल्या न्यूझीलंडमधल्या, हॅमिल्टनच्या शशिकांतनं बायकोसाठी बंदूक आणली, त्याची गोष्ट सांगतो. त्याचं डोकं अजून जागेवर नाही.

हा पुण्याचा इंजिनिअर, तिथल्याच रोटोटुना उपनगरात घर. मे महिना आला की तिकडं बदकांच्या शिकारीचा सीझन उघडतो. ओळखीतल्या हेमीच्या शेततळ्यावर फळ्यांचा आडोसा आहे, माईमाई म्हणतात त्याला. तिथं शशिकांत आणि विनिता थर्मास घेऊन बसायची. लेक वेलिंग्टनला शिकायला गेली, तेव्हापासून नवराबायकोची बोलायची तेवढीच जागा उरलेली. घरी दोघं दोन लॅपटॉपसमोर.

पण विनिता नवशिकी. लायसन काढलेलं, बंदूक मात्र नवऱ्याची, बारा बोअर. तिच्या धक्क्यानं खांदा काळानिळा, बदक एक नाही. दोन हजार सोळाच्या सीझनआधी तिनं सांगून टाकलं, यंदा असंच झालं तर तुझा तू जात जा.

शशिकांत हादरला. मग आपला माणूस काय करतो? साडी घ्यायची तर नेसणारीला सोडून सगळ्यांना विचारतो, तसंच. हेमी म्हणाला, फोर-टेन घे, सगळ्यात बारीक, धक्काच नाही. शिकारीच्या क्लबातला एक म्हातारा म्हणाला, अठ्ठावीस. दुकानदार म्हणाला, वीस. आता बारापेक्षा वीस बारीक, विसापेक्षा अठ्ठावीस बारीक, आकडा वाढेल तशी नळी लहान. आणि फोर-टेनचा आकडा इंचाचा, नळी पॉइंट चार-एक-शून्य इंच रुंद, त्याचा हिशोबच निराळा. शशिकांतनं एक्सेल उघडलं आणि बंद केलं.

त्यात आणखी चोक. नळीच्या तोंडात फिरवून बसवायचं नळकांडं ते. ते जितकं अरुंद, म्हणजे घट्ट, तितके छर्रे एकवटून जातात. शशिकांत म्हणाला, बंदूक लहान, छर्रे थोडे, मग चोक तरी सगळ्यात घट्ट घेऊ. फोर-टेन आणि तसलं चोक आणलं घरी, सरप्राइज म्हणून.

रविवारी हेमीच्या पॅडकमध्ये, म्हणजे कुरणात, मातीच्या तबकड्या हवेत फेकून त्यांच्यावर नेम धरून बघितला. विनिताचा खांदा शाबूत, पण तबकड्याही शाबूत. सगळ्या गवतात जाऊन अख्ख्या पडल्या. हेमी म्हणाला, स्वीट ॲज, म्हणजे झकास, होईल हळूहळू. विनिता हसली नाही. तिनं शेडमधून दोन खोकी आणून कुंपणाला टेकवली. एकावर नवी फोर-टेन झाडली. दुसऱ्यावर हेमीच्या बायकोची वीस, सैल चोकची. मग नवऱ्याला बोलावलं.

"तुझ्या बंदुकीचे ठिपके बघ, सगळे ताटलीएवढ्या जागेत. माझा हात जरा हलला की संपलं. हिचे बघ, परातीएवढे पसरलेत."

"पण विनी, हिचा धक्का जास्त."

"बाराएवढा नाही. मला किती सोसतो, ते विचारलंस का एकदा तरी?"

"सरप्राइज द्यायचं होतं गं."

"बंदुकीचं?"

ती वीस घेऊन परत उभी राहिली आणि तबकड्या फुटायला लागल्या. शनिवारी माईमाईत आली, तीच बंदूक मागून घेऊन. बदकं आली तेव्हा शशिकांत तिला विचारत होता, नवशिक्याला सगळ्यात लहान बंदूक अवघड कशी काय? तिनं पुन्हा समजावलं. बदकं निघून गेली. तरी ती उठली नाही, चहा ओतून परत पहिल्यापासून सांगत बसली.

त्याला अजून पटलेलं नाही, मला फोन करून करून विचारतो. माझंही डोकं चालेनासं झालंय. तू शिकलेला आहेस, तूच त्याला एक फोन कर ना. पण आधी विनितावहिनींना विचार, काय सांगायचं ते.