केळीतून जाणारी सगळ्यात सोपी वाट

त्या रविवारी केळीच्या बागेत हितेंद्रची पॅन्ट ओली झाली. असं काहीही घडलेलं नाही. पुढे चला.

हितेंद्र जळगावात टाइल्सच्या दुकानात मॅनेजर. नूतन त्याची बायको, माहेर धुळ्याचं. लग्न झाल्यापासून तिचं एकच पालुपद होतं, रविवारी कुठंतरी डोंगरात चालायला जाऊ. शाळेत असताना आपण लळिंगचा किल्ला साध्या चपलेवर चढलो होतो, हे ती दर शनिवारी सांगायची. हितेंद्र दर शनिवारी चपला काढून सोफ्यावर पाय वर घ्यायचा.

वाट निवडायचं काम त्यानं स्वतःकडे ठेवलं होतं, म्हणजे वाट निवडली जाणार नव्हती. लळिंगला चढ. पाटणादेवीला जंगल. मनुदेवीला माकडं. शेवटी नूतन म्हणाली, "या रविवारी मी एकटी जाते. तू पाय वर घेऊन बैस."

मग त्यानं चोपड्याकडची वाट काढली. सातपुड्याच्या पायथ्याशी, पाटाच्या कडेनं निघून केळीच्या बागेतून जाणारी. एकदम सपाट, वर सावली.

"केळी म्हणजे काय जंगल आहे का?" तो म्हणाला. त्याचे आजोबा केळीवाले, काका केळीवाले. केळीवरून पडून कोणी मेल्याचं त्यांच्या खानदानात ऐकिवात नव्हतं. जळगावच्या माणसाला केळी म्हणजे घरचं अंगण. बारा महिने गारवा आणि ठिबकचं पाणी असल्यामुळे बिबट्यालाही ती तशीच वाटते. पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

सकाळी धुकं होतं. बागेत शिरल्यावर पहिल्यांदा गेला रस्त्याचा आवाज, मग मोबाइलची रेंज, मग दिशा. चारी बाजूंनी तीच झाडं, तेच अंतर, तीच काळी नळी. घडांना पांढऱ्या पिशव्या घातलेल्या. धुक्यात प्रत्येक झाडाला कोणीतरी लटकल्यासारखं दिसत होतं.

"आपण इथूनच आलो ना?" नूतननं विचारलं.

"इथूनच. किंवा शेजारच्या इथून."

तेवढ्यात आतून आवाज आला. म्हाताऱ्याचा, फाटका, अगदी जवळून.

"कोन शे रे तठे? माले बठ्ठं दिसस! तंगडं तोडी टाकसू!"

तिथे कोण आहे, मला सगळं दिसतं, असा अहिराणीतला दम ऐकून हितेंद्रचे दोन्ही हात आपोआप वर गेले. "आबा, आम्ही जळगावचे! एक केळंसुद्धा तोडलं नाही!"

मग, "कोन शे रे तठे?"

"सांगितलं ना आबा, हितेंद्र! ही माझी मिसेस!"

"तंगडं तोडी टाकसू!"

"कोणाचं, आबा?" हितेंद्रनं अगदी बारीक आवाजात विचारलं. उत्तर यायच्या आत तो आवाजाच्या उलट दिशेला पळत सुटला होता. नूतन त्याच्या मागे. दहा-बारा झाडं ओलांडून तो थांबला, कारण समोर ओल्या मातीत बिबट्या बसला होता. पुढचे पाय नीट जुळवून, पाहुण्यांची वाट बघत असल्यासारखा.

(इथेही काहीही घडलेलं नाही.)

बिबट्या उठला. एक पाऊल पुढे आला. मागून पुन्हा ओरड आली, "माले बठ्ठं दिसस!" आणि बिबट्याचे कान चपटे झाले. तो दोन पावलं मागे सरला.

"हितू," नूतन ओठ न हलवता म्हणाली, "तो आबांना घाबरतो. आबांकडे चल. पाठ फिरवू नकोस."

दोघं उलट्या पावलांनी आवाजाकडे सरकले. हितेंद्रची पाठ एका बांबूवर आपटली. बांबूला प्लॅस्टिकचा भोंगा बांधलेला होता, खाली बॅटरी. आबा नव्हते. नुसता आवाज होता, डुकरं हाकलायला भरून ठेवलेला. दोघांनी बांबूला मिठी मारली. दर ओरडीला बिबट्या मागे जायचा, ओरड संपली की पुढे यायचा.

मग आबा दमले. "कोऽऽन... शेऽऽ..." बॅटरी बसत चालली होती. "तंगऽऽ..." एवढ्यावर भोंगा बंद पडला.

बिबट्या पुढे आला. ह्या वेळी मागे गेला नाही. नूतनची बोटं हितेंद्रच्या दंडात रुतली. ती रडत होती, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. दुकानात गिऱ्हाइकाला "बसा" म्हणतानाही ज्याचा आवाज चिरकतो, त्या हितेंद्रनं डोळे मिटले आणि छाती फुटेस्तोवर बोंब ठोकली, "तंगडं तोडी टाकसू! बठ्ठी तंगडी तोडी टाकसू! चारी!"

डोळे उघडले तेव्हा बिबट्या नव्हता. नुसती पानं हलत होती. आणि पानांतून डोक्यावर बॅटरी घेतलेली एक म्हातारी येत होती. सुंदरबाई, बागेची मालकीण.

"कोन शे रे मना मालकनी नक्कल करनारा?"

"अक्का, बिबट्या होता!" नूतन म्हणाली. "तुमचे मालक, आबा, कुठे आहेत? त्यांना बोलवा!"

"झुलाल आबा? आबा तं देवाघर गयात. दोन वरीस व्हयनात." सुंदरबाईनं बॅटरी बदलली. "आवाज कामवर शे. मना पोऱ्यानी स्वतःना आवाज भरी पाह्या, तं डुकरं बठ्ठी बाग खाई गयात. त्याले कोनी भीत नही."

वर भोंगा कडाडला, "माले बठ्ठं दिसस!" आणि हितेंद्र मटकन खाली बसला. बिबट्यापुढे इतका घाबरला नव्हता.

गाडीत बसल्यावर नूतन म्हणाली, "पुढच्या रविवारी परत येऊ. आता वाट माहीत झाली." तिनं डोळे पुसले होते आणि ती गंभीरपणे बोलत होती.

सोमवारी हितेंद्रनं वन खात्याच्या साहेबांना अर्ज दिला. सदर पायवाटेवर कै. झुलाल आबा यांची वनरक्षक या पदावर कायमस्वरूपी नेमणूक करण्यात यावी. उमेदवार हयात नसल्याची बाब अपात्रता समजण्यात येऊ नये. हे शक्य नसल्यास, सदर बिबट्यास दर रविवारी जिल्ह्याबाहेर थांबण्याची लेखी समज देण्यात यावी, ही नम्र विनंती.