ठणठणीत पोटाची बाई

त्या शहरात दोन माणसं भेटली की मध्ये कॉफी असायचीच. लग्न जुळवायचं तर कॉफी, भांडण मिटवायचं तर कॉफी, आणि मिटलेलं भांडण पुन्हा उकरायचं असेल तर जरा जास्त कडक कॉफी. अशा शहरात धाकटी चहा प्यायची.

धाकटी म्हणजे वयाने धाकटी नव्हे. चाळिशी उलटलेली, मुलगी कॉलेजात जाणारी बाई. पण दातांच्या कारखान्यात ती सगळ्यांच्या शेवटी आली, म्हणून तिथे ती धाकटी. कारखाना तरी केवढा? एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे ठसे पाठवायचे आणि इथे त्यावरून कवळ्या बनायच्या. पहिल्या खोलीत ठशात प्लास्टर ओतून जबड्याचा साचा काढायचा. मधल्या खोलीत त्या साच्यावर गुलाबी मेणात एकेक दात बसवायचा. शेवटच्या खोलीत तयार झालेली कवळी घासून चकचकीत करायची.

धाकटी बसायची प्लास्टरच्या खोलीत आणि तिचा जीव होता मधल्या खोलीत. दात बसवायचं काम ती रीतसर शिकून आली होती. पण कामाची वाटणी व्हायची सकाळच्या कॉफीला. मधल्या खोलीतल्या लांब टेबलाभोवती सगळे जमायचे, किटली फिरायची आणि कारखान्याचे मालक, ज्यांना सगळे मास्तर म्हणायचे, ते दातांचे डबे एकेकापुढे सरकवायचे. टेबलाला बसायचं कुणी? जो कॉफी पितो त्याने. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. लिहिलेला असता तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिच्यापुढे कप केला होता.

"मला नको. मी चहा पिते."

"का?"

"आवडतो."

"अगं, ते कळलं. पण कॉफी का नको?"

"आवडत नाही."

टेबलाभोवतीच्या सगळ्या भुवया वर गेल्या. जणू घरी बोलावलेल्या पाहुणीने यजमानांचं बाळ बघून नाक मुरडावं. शेवटच्या खोलीत कवळ्या घासणारा एक दाढीवाला होता. त्याच्या दाढीत कायम पांढरी भुकटी अडकलेली असायची. तो म्हणाला, "आमची कॉफी कुठे प्यायली आहेस अजून?"

धाकटीने कप उचलला, एक घोट घेतला, नीट गिळला. "प्याले. नाही आवडली."

त्या दिवसापासून सकाळी सगळे मधल्या खोलीत, आणि धाकटी आपला थर्मास घेऊन प्लास्टरच्या पोत्यापाशी. भिंतीपलीकडे हसणं चालायचं. मग डबे सरकल्याचा आवाज यायचा. तिच्या वाट्याला रोज ठसे.

घरी मुलगी म्हणाली, "आई, एक कप घशाखाली घातलास तर काय बिघडणार आहे?"

"एका कपाने काही नाही बिघडत. पण तो रोज घालावा लागेल, आणि रोज वा म्हणावं लागेल."

"हट्टी आहेस."

"आहे. तू कुणावर गेलीस असं वाटतं तुला?"

मधल्या खोलीत ताई होत्या, दात बसवणाऱ्यांतल्या सगळ्यात जुन्या. मनाने लोण्याहून मऊ. कुणी एकटं बसलेलं त्यांना बघवायचं नाही. त्यांनी बरेच दिवस हे पाहिलं आणि मग कुणाला न विचारता परस्पर एक गोष्ट करून टाकली.

एका सकाळी मास्तर स्वतः प्लास्टरच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा एकदम मवाळ.

"अगं वेडे, आधी सांगायचं नाही का?"

"काय सांगायचं?"

"पोटात अल्सर आहे ते! आम्ही काय परके आहोत?"

मास्तरांच्या खांद्यामागून ताई डोळे मोठे करून गप्प राहा, गप्प राहा अशा खुणा करत होत्या.

"ही प्लास्टरची धूळ असल्या पोटाला विष," मास्तर म्हणाले. "उद्यापासून मधल्या खोलीत बस. दात बसव. आणि टेबलाला तुझा तो चहा घेऊन ये. पथ्याचं असेल तर काहीही चालतं."

धाकटीचं तोंड उघडलं, आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी ती खिडकीजवळच्या खुर्चीवर बसली. छोट्या ज्योतीवर सुरी गरम केली, मेण मऊ केलं आणि पुढचा पहिला दात बसवला. मग दुसरा, किंचित तिरका, कारण खऱ्या माणसाचे दात शिपायांसारखे रांगेत उभे नसतात. संध्याकाळी मान आखडली होती आणि ती घरी जाताना गुणगुणत होती.

सगळेच तिच्याशी गोड वागू लागले. दाढीवाल्याने मावशीकडची कसलीशी पूड आणून दिली, कोमट पाण्यातून घ्यायची. कुणी तिला जड पेटी उचलू देईना. "आज जळजळ कशी आहे?" म्हणून रोज चौकशी. ती म्हणायची, "बरी आहे," आणि मेणात मान घालायची. रात्री मात्र तिला स्वतःचाच राग यायचा.

मग एक दिवस एक डॉक्टरीणबाई कारखाना बघायला आल्या. मास्तर त्यांना टेबलापाशी घेऊन आले, कॉफी ओतली आणि धाकटीकडे बोट करून हळहळत म्हणाले, "हात फार चांगला आहे हिचा. पण पोटाची रुग्ण. बिचारी चहावर दिवस काढते."

धाकटीच्या हातात चहाचा कप होता. वाफाळता, तिला हवा तसा, जरा जास्त उकळलेला. तिने तो खाली ठेवला.

"मास्तर, माझ्या पोटाला काहीसुद्धा झालेलं नाही. दगड पचवेल ते. आणि हा काढा नाही, चहा आहे. मी तो आवडीने पिते. कॉफी मला आवडत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच आजही सांगते."

ताईंच्या हातातला दात टेबलावर टपकन पडला.

"मग तो अल्सर कुठून आला?" मास्तरांचा आवाज चढला.

"कुठूनही येवो. मी तेव्हाच खोटं आहे म्हटलं नाही, हा दोष माझा. या खुर्चीच्या मोहाने तोंडाला कुलूप लावून बसले होते."

डॉक्टरीणबाई घाईघाईने कॉफी संपवून निघाल्या. मास्तर त्यांना जिन्यापर्यंत सोडून परत आले, ते लालबुंद होऊन.

"पोट धडधाकट आहे ना? मग धूळ चालेल तुला."

"चालेल."

ती पहिल्या खोलीत गेली. प्लास्टर कालवताना डोळे भरून आले, पण ते तिने बाहीने पुसले आणि साचा एकही बुडबुडा न येऊ देता ओतला.

दुसऱ्या दिवशी किटली फिरायला लागली तशी ती थर्मास आणि स्टूल घेऊन मधल्या खोलीत आली. स्टूल टेबलाला लावलं आणि बसली.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"कामाची वाटणी आहे ना? ऐकायला आले."

"तुझं काम प्लास्टर."

"मग तेच सांगा. इथे बसून ऐकते."

दाढीवाला खाकरला. "बये, एक कर. कॉफीचा कप नुसता समोर ठेव. पिऊ नकोस. दिसायला बरं दिसतं."

"कुणाला?"

दाढीवाल्याने दाढी खाजवली, भुकटी टेबलावर सांडली.

"पण कारण काय?" मास्तरांनी टेबलावर हात आपटला. "माणसाला काहीतरी कारण असतं. डॉक्टर, नवस, घरची रीत. काहीतरी!"

"नाही काही."

"मास्तर," ताई एकदम बोलल्या. "तो अल्सर माझा. म्हणजे, मी दिला तिला. 'आवडत नाही' एवढं तुम्हाला पुरेना, म्हणून." मग म्हणाल्या, "आणि तुम्हालाच का बोलू, मलाही पुरत नव्हतं."

ताईंनी आपली खुर्ची सरकवली आणि धाकटीच्या स्टुलाला नीट जागा करून दिली.

मास्तरांनी आपला कप बाजूला सारला. मग कुणाकडेही न बघता त्यांनी डबे वाटायला घेतले. एक ताईंकडे. एक पलीकडे. एक हातात धरून ते थांबले, आणि तो टेबलावरून सरकत धाकटीपुढे आला.

"वरचा जबडा. म्हातारे गृहस्थ आहेत, फार खळखळून हसतात. सैल बसता कामा नये."

"नाही बसणार."

"आणि तो चहा मेणापासून लांब ठेव. डाग पडतात त्याचे."

"कॉफीचेही पडतात, मास्तर."

"जास्त बोलू नकोस," मास्तर म्हणाले, आणि किटली तिच्यापाशी न थांबता पुढच्याकडे गेली.