खिडकीतला सा

मित्रांनो, मी एक घंटानळी. जुनी झाले, पण विसरभोळी नाही. हातात धरून झटका दिला, की माझ्या अंगावरचा रबरी टोला आपटतो आणि एकच सूर निघतो. माझा सूर सा. आम्ही सात बहिणी. एकेका मुलाच्या हाती एकेक. सातजण मिळून एक गाणं.

आमच्या संगीताच्या बाई आम्हाला मऊ फडक्याने पुसायच्या. वाजवून झालं की नळी खांद्याला टेकवून गप्प करायला शिकवायच्या. म्हणायच्या, "आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं ऐका. आणि सूर बिघडला तर तोंडावर सांगा. माझासुद्धा."

मग नवे हेडसर आले. त्यांच्या खोलीतली वर सरकवायची खिडकी वर टिकत नव्हती. त्यांनी मला पेटीतून उचलून टेकू म्हणून खिडकीखाली उभं केलं.

"सर, वाकेल ती. तिच्याशिवाय गाणं संपत नाही," बाई म्हणाल्या.

"अहो बाई, खुळखुळेच ते. सहा पुरेत की."

बाई मला मागायला तीनदा आल्या. तिसऱ्यांदा जिना चढून आल्या तेव्हा धाप लागून त्यांना बोलताही येत नव्हतं. त्यानंतर त्या शाळेत आल्याच नाहीत. मी दोन वर्षं खिडकी पेलली आणि वाकले.

बाई वारल्यावर हेडसरांना त्यांचा पुळका आला. शोकसभेत मुलं बाईंचं गाणं वाजवणार, शेवटचा सा स्वतः हेडसर. आम्हाला तपासायला बाईंची मुलगी आली. मी वाकले होते तिथे तिचं बोट थांबलं. तिच्या पिशवीत बाईंची घरातली सा-नळी होती. ती तिने बाहेर काढली नाही.

"ही घ्या, सर. तुमच्याच खिडकीतली."

"वा, म्हणजे ओळखीचीच," हेडसर हसले.

सभेत सहा सूर नीट वाजले. मग हेडसरांनी झटका दिला. मी दोन वर्षांचा जीव एकवटून फुटक्या पातेल्यासारखी खरखरले. त्यांनी पुन्हा झटका दिला. मी पुन्हा तशीच.

रे वाजवणारी मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, तुमचा सूर बिघडलाय. बाईंनी तोंडावर सांगायला सांगितलंय."

पाहुणे खाली बघू लागले. बाईंची मुलगी उठली. तिने मला हेडसरांच्या हातून घेऊन आपल्या खांद्याला टेकवलं, पिशवीतली नळी रे वाजवणारीला दिली, आणि गाणं पुरं झालं.

आता मी तिच्या कपाटात असते. मला सरळ करणारा कारागीर तिला माहीत आहे. तिने मला त्याच्याकडे नेलेलं नाही. मलाही घाई नाही.

मित्रांनो, वस्तू जपा. त्या मुक्या असतात असं समजू नका. त्या पाळीची वाट बघत असतात.