ज्या दुपारी मला गप्प केलं

मी शाळेची एक जुनी घंटा आहे, मित्रांनो. उमरग्याच्या बाजूला, कर्नाटकाच्या हद्दीलगत एका गावात माझं आयुष्य गेलं. ज्या ओताऱ्यानं मला काशात ओतलं, त्याच्या हातून माझी कड जरा पातळ राहिली, म्हणून माझा आवाज धारदार निघाला. तो तीन शिवारं ओलांडून जायचा. लोक कौतुक करायचे आणि मला त्याचा भारी अभिमान होता.

बहात्तरच्या दुष्काळात शाळेमागं सरकारी कामावर विहीर खणायला घेतली. खाली काळा पाषाण लागला. रोज दुपारी सुरुंग उडवायचे. त्याआधी माणसं लांब जावीत म्हणून शिपाई ज्ञानोबा मला जोरजोरानं बडवायचा.

त्या कामावर शरणम्मा मुरमाची घमेली वाहायची. तिची मुलगी चन्नम्मा सात वर्षांची. ती बोलत नसे, हाक मारली तरी बघत नसे, कुणी अंगाला हात लावला की चावायची. गावात कुणी तिला वेडी म्हणे, कुणी बाहेरचं झालंय म्हणे. ती विहिरीत पडू नये म्हणून आई तिच्या कमरेला दोरी बांधायची आणि दोरीचं टोक मी टांगलेली होते त्याच कडुलिंबाला अडकवायची. मी वाजले की ती कान दाबून, दोरीला हिसडे देत किंचाळायची. मला वाटायचं, किती हट्टी पोर आहे!

शाळेत नव्या आलेल्या सुमनबाईंनी ती दोरी सोडली.

"बाई, सोडू नका. पळंल ती," शरणम्मा म्हणाली.

"पळाली तर मी मागं जाईन. बांधून ठेवलेलं लेकरू शिकणार कसं?"

मग रोज मधल्या सुट्टीत बाई तिच्यापासून दोन हात लांब बसायच्या आणि जमिनीवर चिंचोक्यांची रांग लावायच्या. चन्नम्मा कधी ती विस्कटायची, कधी उठून जायची. एकदा मात्र रांग जरा वाकडी झाली, तेव्हा तिनं एक चिंचोका बोटानं सरळ केला. बाईंनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. फक्त पुढचा चिंचोका ठेवला.

हेडगुरुजी आबाराव चिडायचे. "बाई, अशा पोरीला शाळा कशाला? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?"

चैत्रातली एक दुपार होती. ज्ञानोबानं मला बडवलं. मजूर बांधापलीकडं गेले, मुलं वर्गात शिरली. गर्दीत बाईंची नजर चुकली आणि चन्नम्मा कान दाबून सुसाट पळाली. क्षणात बांधावरून शरणम्माची आरोळी आली, "बाई, माझी चन्नी कुठं हाय?"

सुरुंग लावणारा हरिबा काडी ओढायच्या बेतात होता. तो विहिरीत वाकला आणि तसाच ओरडला, "थांबा! पोरगी खाली हाय!"

माझ्या आवाजापासून लांब, गार आणि अंधारा कोपरा शोधत ती घमेली वाहायच्या पायऱ्यांनी तळाशी जाऊन बसली होती. खडकात भरलेल्या सुरुंगाची वात तिनं बोटाभोवती गुंडाळली होती.

"पाच भोकं भरल्यात," हरिबा म्हणाला. "वात हिसकली तर काय व्हईल, सांगता येत न्हाय."

"ज्ञानोबा, घंटा वाजव!" आबाराव म्हणाले. "ऐकून तरी वर येईल."

एकच टोला पडला. खालून किंकाळी आली. तेवढ्यात सुमनबाई धावत आल्या आणि दोन्ही तळवे माझ्यावर दाबून त्यांनी माझा नाद बंद केला.

"वाजवू नका! हिला भिऊनच ती खाली गेलीय."

मित्रांनो, इतकी वर्षं मी ज्याची ऐट मिरवली, तोच आवाज एका लेकराला सुरुंगाशी घेऊन गेला होता. मला कडुलिंबावर टांगलेलं असणंही नकोसं झालं.

शरणम्मा खाली उतरायला धावली. बाईंनी तिला अडवलं. "तुम्हाला पाहून ती झोंबेल. हिसका बसेल. मला जाऊ द्या."

आईनं उचललेला पाय मागं घेतला. पोर तिची होती. मग म्हणाली, "जावा. पर उजव्या अंगानं जावा, डावीकडनं कुणी आलेलं तिला खपत न्हाय. आन् हात लावू नका."

विहिरीचा तळ मला दिसत नव्हता. काठावर पालथी पडलेली शरणम्मा तेवढी दिसत होती. तीच हलक्या आवाजात सांगत होती. "बाई बसल्या... पायरीवर चिंचोका ठिवला... वरच्या पायरीवर दुसरा..." मग ती काठावर आणखी पुढं सरकली. हरिबानं काडेपेटी लांब फेकून दिली. शेवटी शरणम्माचा श्वास सुटला. "सोडली. वात सोडली तिनं."

एकेक चिंचोका उचलत चन्नम्मा वर आली. शरणम्मानं जवळ घ्यायला हात पुढं केले आणि तसेच मागं घेतले. ती नुसती लेकीच्या शेजारी बसली आणि तोंडावर पदर धरून रडली.

त्या दिवशी सुरुंग उडाला नाही. दुसऱ्या दिवसापासून इशाऱ्याला माझ्याऐवजी विहिरीवर तांबडं निशाण लागलं. आबारावांनी माझ्या हातोडीला आपल्या हातानं गोणपाट गुंडाळलं आणि हजेरीपटावर चन्नम्माचं नाव घातलं. शरणम्मा बाईंना लेकीच्या खुणा शिकवायची. कपाळ चोळलं की तहान, डोलायला लागली की गर्दी नको. बाई शरणम्माला रांगेचे खेळ शिकवायच्या. वाईट दिवस पुढंही आले, चावेही बसले. मोजके शब्द यायला चार वर्षं गेली. पुढं गावात सहकारी दूध संस्था निघाली, तेव्हा दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या क्रमानं लावायचं काम चन्नम्माकडं आलं. तिच्या हातची बाटली कधी चुकली नाही.

विजेची घंटा आली आणि मी अडगळीत गेले. आता माझ्यावर हिरवं किटण चढलंय. त्याचं मला फारसं वाटत नाही. अशा लेकरांना आता स्वमग्न म्हणतात, असं मी ऐकलंय. तुमच्या वर्गात असं कुणी असेल, तर त्याला हट्टी म्हणू नका. त्याला कशाचा त्रास होतो ते शोधा, आणि तो त्रास तुमच्यामुळं होत असेल, तर लाजू नका, तेवढा थांबवा. मला ते स्वतःहून जमलं नाही. तुम्हाला जमेल.