कागद राहू दे आत

मित्रांनो, माझ्या अंगावर ठळक अक्षरांत 'आरती संग्रह' असं लिहिलं आहे. त्यावर जाऊ नका. मी एक जुनी कॅसेट आहे खरी, पण मला वाजवलंत तर आधी आरती ऐकू येणार नाही. माझा स्वभाव मुळातच भित्रा. उन्हाची भीती, लोहचुंबकाची भीती, रीळ चावणाऱ्या टेपरेकॉर्डरची तर विचारूच नका! पण सगळ्यांत मोठी भीती लाल बटणाची. का, ते सांगते.

१९९६ साली मखमलाबादच्या सरुबाईंनी मला विकत घेतलं. त्यांचा झेंडूचा मळा होता. सकाळी त्या हार ओवायला बसायच्या आणि मी आरत्या म्हणायचे. त्यांचा मुलगा चंदर आईबरोबर बाजारात फुलं विकायचा आणि संध्याकाळी गिटार घेऊन स्वतः रचलेली गाणी म्हणायचा. गणपतीच्या मंडळात, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, बोलावलं तर पार घोटीलासुद्धा. लोक त्याच्यावर जीव टाकायचे. "चंदरदादा, एक कॅसेट काढा की!" असा त्याच्यामागे लकडा लावायचे. तो हसायचा. "काढू रे, काय घाई हाय?"

घाई होती, मित्रांनो. २००२ साली त्याला कावीळ झाली. पडून पडून कंटाळलेल्या चंदरने एका दुपारी मला फळीवरून उचललं. विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून आमच्या डोक्यावरच्या दोन खाचा उघड्या असतात. त्यांत कागद कोंबला की मग रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं जातं. चंदरने फुलांच्या पुडीचा कागद फाडला, त्याचे दोन बोळे केले आणि माझ्या खाचांत कोंबले. माझी पहिली आरती पुसली गेली. सरुबाई केवढ्या चिडल्या! "मेल्या, देवाच्या आरतीवर गातो व्हय रं?" मलाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

पण त्याने तोंड उघडलं आणि माझा राग कुठल्या कुठे पळाला. 'झेंडू विकून आलो आई, वास हाताला राहू दे...' पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्यात त्याला धाप लागली, सूर उतरला. तो थांबला आणि म्हणाला, "आई, हे नाय जमलं. बरा झालो की परत म्हनतो. कागद राहू दे आत."

आठ दिवसांनी चंदर गेला. सरुबाईंना तो आवाज ऐकवेना. त्यांनी मला डबीत घातलं, ओसरीवरच्या देवाच्या फळीवर ठेवलं आणि कोणाला काही सांगितलं नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी त्याचे चाहते अंगणात जमले. कोणी रडत होतं, कोणी त्याच्या गाण्यांच्या ओळी आठवत होतं. एकलहऱ्याहून आलेला झुंबर रिक्षावाला सारखा कपाळावर हात मारत होता. "एक कॅसेट तरी काढायला पायजे होती राव! त्याचा आवाज कुठंच नाय आपल्याकडं!" मी तिथेच होते हो, चार हातांवर! पण आमच्या जातीला दुसऱ्याचा आवाज जपता येतो, स्वतःचा काढता येत नाही.

मग ठरलं, की प्रत्येकाने चंदरची एकेक आठवण टेपवर बोलायची आणि ती सरुबाईंना द्यायची. झुंबरने आणलेली कोरी कॅसेट टेपने चावून टाकली. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि नेमकं मला उचललं.

"अहो झुंबरभाऊ, आधी वाजवून बघा ना," इंदिरानगरहून आलेली रोशनी म्हणाली.

"आरत्याच असनार, त्यात काय बघायचं? आन् कागद पन कोंबलेला हाय, बघ."

खट्! लाल बटण दाबलं गेलं. "चंदरदादा," झुंबर हुंदके देत बोलू लागला, "तुझा आवाज आम्ही जन्मात इसरनार नाय..." आणि त्याच्या एकेका शब्दाखाली चंदरची एकेक ओळ पुसली जात होती. अरे थांब, बाबा, थांब! माझं कोण ऐकणार?

सरुबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांना फळीवरची रिकामी डबी दिसली. हातातला ट्रे तसाच खाली पडला.

"आरं, बंद कर! त्यात चंदर हाय माझा!"

रीळ मागे नेऊन मला वाजवलं. आधी झुंबरचं रडणं. मग सरुबाईंची किंकाळी. खट्. आणि लगेच, '...हाताला राहू दे.' पहिलं कडवं गेलं होतं, त्याच्या शेवटी पुन्हा येणारी ओळ तेवढी अर्धी राहिली होती. उरलं होतं ते दुसरं, धाप लागलेलं, त्याला न जमलेलं. झुंबरने सरुबाईंचे पाय धरले. त्यांनी त्याला उठवलं.

"मावशी, ते कागद आधी काढून टाका," रोशनी हळूच म्हणाली.

"नाय. त्यानं सांगितलंय, राहू दे."

सरुबाईंनी ते उरलेलं कडवं पुन्हा एकदा ऐकलं. मग स्वतःच उठून हार ओवायची सुई आणली आणि दोन्ही बोळे टोकरून काढले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी कॅसेट असेल, तर वरच्या नावावर विश्वास ठेवू नका. लाल बटण दाबण्याआधी एकदा ऐका. एवढंच मागते.

आता माझ्यावर कोणालाच काही भरता येत नाही. मी निर्धास्त असायला हवं. पण सरुबाईंनी ते बोळे फेकले नाहीत. माझ्याच डबीत, माझ्या शेजारी ठेवले. रोशनीने विचारलं, तर म्हणाल्या, "असू दे. त्याला लागले तर."